पायडल, पट्टा आणि गिअर: पायमशीनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे जुनं काळं पायमशीन आहे, रोज ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं असतात. मोठं चाक आणि पट्टा काढून दातेरी गिअर बसवले तर वेग दुप्पट होईल, असं एका फिटरनं सांगितलं. खर्च करावा का?
– एक वाचक, धारावी

उत्तर: करू नका. हँडव्हील (वरच्या मशीनच्या उजव्या टोकाचं छोटं चाक) दुप्पट वेगानं फिरवता येईल, पण शिवण दुप्पट होणार नाही.

आधी आत्ताचा वेग मोजा. दोरा काढा, दाब (सुईजवळचा कापड दाबणारा पाय) वर उचला, हँडव्हीलवर खडूची खूण करा आणि पायडल अगदी सावकाश चालवून मोठ्या चाकाचा एकच फेरा पूर्ण करा. तेवढ्यात हँडव्हील किती वेळा फिरलं ते बघा. हँडव्हीलचा एक फेरा म्हणजे एक टाका. मोठ्या चाकाच्या खोबणीचा व्यास ३० सें.मी. आणि हँडव्हीलच्या खोबणीचा ७ सें.मी. असेल, तर एका पायडलमागे सव्वाचार टाके पडतात. मिनिटाला ८० पायडल मारले की सुमारे ३४० टाके होतात. टाका अडीच मि.मी.चा धरला तर मिनिटाला ८५ सें.मी. शिवण झाली. पाय सरावलेला असेल आणि १२० पायडल मारत असाल तर टाके ५००च्या वर जातात.

आता हेच प्रमाण दुप्पट केलं, म्हणजे एका पायडलमागे साडेआठ टाके, तर पायाला जोरही दुप्पट लावावा लागेल. सुरुवात करताना तर त्याहून जास्त, कारण थांबलेलं हँडव्हील आणि आतले फिरते भाग हलवताना पायाला जाणवणारं जडत्व प्रमाणाच्या वर्गानं वाढतं. प्रमाण दुप्पट, तर जडत्व चौपट. ब्लाउजच्या कामात दर चार-सहा इंचांवर थांबावं लागतं. बाही, गळा, टक्स, कोपरा, प्रत्येक ठिकाणी थांबा आणि पुन्हा सुरू करा. तिथे हे चौपट जडत्व दिवसभर गुडघ्यावर येतं.

दातेरी गिअरच्या आणखी तीन अडचणी फिटर सहसा सांगत नाहीत. एक, दोन गिअर एकमेकांत अडकवले की दुसरा उलट्या दिशेनं फिरतो, म्हणजे हँडव्हील तुमच्यापासून लांब फिरू लागेल आणि दोरा शटलमध्ये (सुईखालच्या, टाका अडकवणाऱ्या भागात) गुंतेल. दिशा सरळ करायला मधे तिसरा गिअर घालावा लागतो. त्यानं प्रमाण बदलत नाही, घर्षण मात्र वाढतं. दोन, पायडलचा जोर सलग नसतो. क्रँक (मोठ्या चाकाचा तो भाग, ज्याला पायडलची दांडी जोडलेली असते) वर आणि खाली टोकाला आला की क्षणभर जोर शून्य होतो आणि मोठं चाक आपल्या वेगानं पुढे जातं. दात्यांत थोडी जरी फट असली तरी दर फेऱ्याला दाते एकमेकांवर आपटतात, आवाज करतात आणि झिजतात. तिसरी अडचण सगळ्यात महत्त्वाची. जाड शिलाईवर सुई अडकली किंवा शटलमध्ये दोरा गुंतला की पट्टा खोबणीत घसरतो आणि मशीन वाचतं. विजेच्या फ्यूजचं काम इथे पट्टा करतो. गिअर घसरत नाही. मोठ्या चाकाचा सगळा जोर सुईवर आणि शटलवर येतो, सुई मोडते, कधीकधी शटलचं टायमिंग, म्हणजे सुईशी जुळलेली वेळ, हलतं.

तो खर्च करण्याआधी पुढचं उत्तर वाचा. बऱ्याच मशीनचा वेग गिअरअभावी नाही, घर्षणामुळे कमी झालेला असतो.

प्रश्न: पावसाळा सुरू झाला की आमचं पायमशीन जड होतं आणि पट्टा घसरतो. खोबरेल तेल घालून बघितलं, दोन दिवस हलकं चाललं आणि मग आणखीच जड झालं. चाळीत जागा कमी, मशीन खिडकीशीच आहे.
– गृहिणी, लालबाग

उत्तर: यात तीन वेगळे दोष एकत्र आले आहेत. आधी दोष वर आहे की खाली ते ठरवा. पट्टा हँडव्हीलवरून उतरवा आणि नुसतं पायडल मारून पाय काढा. मोठं चाक बराच वेळ फिरत राहायला हवं. दोन-तीन फेऱ्यांत थांबलं तर दोष खाली स्टँडमध्ये आहे. चाक छान फिरलं, पण हातानं हँडव्हील फिरवताना जड लागलं, तर दोष वरच्या मशीनमध्ये आहे.

खालचा दोष असेल तर मोठ्या चाकाच्या मागे, आसाशी वाकून बघा. तिथे दोऱ्याचे तुकडे आणि कापडाची लोकर गुंडाळून घट्ट कडं झालेलं असतं. बारीक आकड्यानं ते उपसून काढा. नंतर पायडलच्या दोन बाजूंचे टोकदार स्क्रू बघा, ज्यांवर पायडल झुलतं. लॉकनट सैल करा, स्क्रू हलकेच आवळून पाव फेरा मागे घ्या आणि नट पुन्हा कसा. पायडल स्वतःच्या वजनानं सहज झुललं पाहिजे, पण आडवं हललं नाही पाहिजे. आणि जमीन बघा. चाळीतल्या जुन्या फरश्या खालीवर असतात. चार पायांपैकी एक अधांतरी असेल तर स्टँड पिळवटतं आणि पायडल दोन्ही स्क्रूंमध्ये आवळलं जातं. त्या पायाखाली रबराचा तुकडा द्या. हा दोष फार जण ओळखत नाहीत. तेल घालत राहतात.

खोबरेल तेल मशीनमध्ये कधीच घालू नका, खाण्याचं कुठलंही तेल नको. हवेत राहून ते चिकट होतं, लोकर धरतं, आणि थंडीत खोबरेल तर गोठतंच. आता ते काढायचं तर प्रत्येक तेलाच्या भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा. दोरा काढून, दाब उचलून मशीन पाचेक मिनिटं चालवा, बाहेर आलेला काळा चिकटा पुसा. चिकटा येणं थांबेपर्यंत हेच करा. हे काम दिवसा, खिडकी उघडी ठेवून आणि स्टोव्हपासून लांब. मग शिवणयंत्राचं पातळ तेल प्रत्येक भोकात एकच थेंब, आणि जुन्या कापडावर शिवून जास्तीचं तेल बाहेर काढा. खालच्या स्टँडला मात्र जरा दाट तेल चालतं, मोठ्या चाकाच्या बेअरिंगला ग्रीस.

राहिला पट्टा. चामडं दमट हवेत ओल धरतं, मऊ पडतं आणि ताणाखाली लांबतं. पट्टा मधोमध बोटानं दाबल्यावर एक ते दीड सें.मी. दबला की ताण बरोबर. त्याहून जास्त दबत असेल तर पट्ट्याची दोन टोकं जोडणारी पिन पक्कडीनं उघडा, एका टोकाचा अर्धा सें.मी. कापा, टोकापासून पाच मि.मी. आत टोच्यानं नवं भोक पाडा आणि पिन पुन्हा दाबून बसवा. एका वेळी अर्ध्या सें.मी.हून जास्त कापू नका. पट्टा फार घट्ट झाला की दोन्ही चाकांच्या आसांवर ओढ येते आणि मशीन पुन्हा जड होतं. पट्ट्याला तेल लागलेलं असेल तर कोरड्या फडक्यानं पुसून त्यावर खडूची भुकटी चोळा.

दरवर्षी हाच त्रास असेल तर पावसाळ्यापुरता पॉलियुरेथेनचा गोल पट्टा वापरा. त्याला पिन लागत नाही. सुरी तापवून दोन्ही टोकं एकाच वेळी तिच्या दोन बाजूंना टेकवायची, वितळली की सुरी काढून एकमेकांवर सरळ दाबायची, थंड होईपर्यंत हलवायची नाहीत. जोडावर आलेला कंगोरा ब्लेडनं साफ करा. नागदेवी स्ट्रीटला पट्टे विकणाऱ्या दुकानांत तो मीटरवर मिळतो. जुन्या पट्ट्याचा तुकडा सोबत न्या म्हणजे जाडी चुकणार नाही. चामड्याचा पट्टा साधारण पाच मि.मी. जाड आणि १८० सें.मी.च्या आसपास लांब असतो.

प्रश्न: मी नव्यानं शिवण शिकते आहे. पायडल मारलं की चाक कधी सरळ, कधी उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. सायकलसारखं फ्रीव्हील बसवलं तर उलटं फिरणं थांबेल ना?
– विद्यार्थिनी, गिरगाव

उत्तर: थांबेल, कारण फ्रीव्हील एकाच दिशेनं जोर देतं, पण त्याबरोबर पायाचा ब्रेकही जाईल. सरावलेला टेलर सुई कापडात असतानाच मशीन नेमकं थांबवतो, ते पायडल रोखून. फ्रीव्हील घातलं की पाय थांबला तरी मोठं चाक आणि हँडव्हील फिरत राहतील आणि तुम्हाला दर वेळी हातानं चाक धरावं लागेल. शिवणकामाला फ्रीव्हील नको.

उलटं का फिरतं ते समजून घ्या. क्रँक अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायडलची दांडी आणि क्रँक एका रेषेत येतात. याला डेड सेंटर म्हणतात. तिथून पायडल दाबलं तर चाक कुठल्याही दिशेला जाऊ शकतं किंवा जागचं हलतच नाही. म्हणून सुरुवात नेहमी हातानं. उजव्या हातानं हँडव्हीलचा वरचा भाग स्वतःकडे ओढा, क्रँक वरच्या टोकावरून तुमच्याकडे जरा कलला की पायडलची दांडीकडची बाजू दाबा.

सराव कापडाशिवाय करा. हँडव्हीलच्या मधला क्लच नट सैल करा म्हणजे सुई थांबेल आणि नुसतं चाक फिरेल. दोन्ही पाय पायडलवर सपाट, एक थोडा पुढे, एक थोडा मागे. चवडा आणि टाच आलटून पालटून, धक्का न देता. सावकाश चालवणं वेगापेक्षा अवघड असतं, म्हणून तेच आधी जमवा. मिनिटाला ३० पायडल न अडखळता जमले की नट कसून, दोऱ्याशिवाय वहीच्या रेघी कागदावर सुई चालवा.

प्रश्न: मशीनमधून ‘खट खट’ असा आवाज येतो. कुठून ते कळत नाही.
– एक वाचक, परळ

उत्तर: आवाज मोजा. दर पायडलला एकदा येत असेल तर दांडीच्या वरच्या किंवा खालच्या टोकाचं बेअरिंग सैल आहे. साधारण दोन पायडलना एकदा येत असेल तर पट्ट्याची पिन वर आली आहे आणि हँडव्हीलच्या खोबणीत आपटते. (पट्टा १८० सें.मी., मोठ्या चाकाचा परीघ ९४ सें.मी., म्हणून दोन फेऱ्यांत पिनेची एक फेरी.) दर टाक्याला येत असेल तर दोष वर आहे. आधी सुई बदला, शटलखालची लोकर काढा. तरी आवाज राहिला तर मेकॅनिककडे न्या.

प्रश्न: मोडक्या पायमशीनचं स्टँड पडून आहे. त्यावर कात्र्यांना धार लावायचा १५ सें.मी.चा दगड बसवायचा आहे. इथे मात्र फ्रीव्हील चालेल का? मापं द्यावीत.
– एक वाचक, भांडुप

उत्तर: चालेल, आणि इथे तेच योग्य. धार लावताना नेमकं थांबायची गरज नसते, दगड सलग एकाच दिशेनं फिरणं महत्त्वाचं.

सायकलचं जुनं २८ इंची मागचं चाक घ्या, हब आणि १८ दात्यांच्या फ्रीव्हीलसकट. फ्रीव्हील हबच्या आट्यांवर बसतं, सुटं घेतलं तर बसवायला जागाच नसते. टायर-ट्यूब काढा. रिमची खोबण हीच तुमची मोठी पुली, व्यास साधारण ६२ सें.मी. हे चाक स्टँडला मजबूत लोखंडी अँगलमध्ये आडव्या आसावर बसवा. पायडलची जी कड १५ सें.मी. खाली जाते, तिथे सायकलच्या साखळीचं एक टोक अडकवा. कड तेवढी जात नसेल तर पायडलला लाकडी पट्टी बोल्ट करून लांब करा. साखळी फ्रीव्हीलवरून नेऊन दुसरं टोक जाळीच्या दाराला लावतात तशा स्प्रिंगला बांधा. पायडल दाबलं की साखळी चाक ओढते, सोडलं की स्प्रिंग साखळी आणि पायडल परत आणते आणि चाक फिरतच राहतं. यात डेड सेंटर नाही, त्यामुळे हातानं सुरू करावं लागत नाही.

साखळीचा एक दाता १२.७ मि.मी., म्हणजे १८ दात्यांचा पूर्ण फेरा २२.९ सें.मी. १५ सें.मी. ओढीत चाक जवळजवळ दोन तृतीयांश फेरा फिरतं. मिनिटाला ९० वेळा दाबलं तर चाकाचे ५९ फेरे. रिमवरून पट्टा दगडाच्या आसावरच्या साडेसात सें.मी.च्या पुलीवर नेला की प्रमाण सव्वाआठ, दगडाचे सुमारे ४९० फेरे आणि कडेचा वेग सेकंदाला जवळपास चार मीटर. ओल्या दगडाला हा वेग चांगला आहे, पातं तापून त्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरत नाही.

तीन गोष्टी सांभाळा. साखळी ओढली की चाक फिरलं पाहिजे आणि सोडली की टिकटिकलं पाहिजे. उलट होत असेल तर चाक आसावर पालटून बसवा. स्प्रिंग फार कडक घेऊ नका, निम्मा जोर तिलाच ताणण्यात जातो. पायडल वर यायला पुरेल इतकीच. आणि दगडाचा वरचा भाग तुमच्याकडे येईल अशी दिशा ठेवली तर पातं दगडापुढच्या टेकणीवर घट्ट धरा. दगड बसवण्यापूर्वी लाकडाच्या दांडीनं हलकेच वाजवा. भद्द आवाज आला तर त्यात तडा आहे, तो वापरू नका. फिरत्या भागावर पत्र्याचं झाकण हवंच.

प्रश्न: पायडलवर यंत्र चालवायची युक्ती शिवणयंत्रासाठीच निघाली का?
– विद्यार्थी, दादर

उत्तर: नाही. लेथ आणि सूत कातायच्या चाकाला पायपट्टी त्याच्या कितीतरी आधीपासून होती. आयझॅक सिंगर यांचं अमेरिकेतलं शिवणयंत्राचं पेटंट १२ ऑगस्ट १८५१चं. घराघरांत पायपट्टी पोचली ती शिवणयंत्रामुळे, कारण त्यानं दोन्ही हात कापडासाठी मोकळे झाले. १८७१ साली जेम्स मॉरिसन यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी पायडलवर चालणाऱ्या ड्रिलचं पेटंट घेतलं, तेही याच कारणानं.

प्रश्न: गुडघे दुखतात म्हणून मोटर लावायची आहे. स्टँड टाकून द्यावं का?
– ज्येष्ठ वाचक, मुलुंड

उत्तर: टाकू नका. घरगुती मोटर वरच्या मशीनच्या मागच्या बोल्टवर बसते आणि तिचा पट्टा हँडव्हीलवरच चालतो. पायडलचा पट्टा उतरवून ठेवा, वीज गेली की पुन्हा चढवा. स्टँड लोखंडी आहे, म्हणून तीन पिनांचा प्लग आणि स्टँडला अर्थिंग करून घ्या. मोटरचा पट्टा बोटानं दाबल्यावर अर्धा-पाऊण सें.मी. दबेल इतकाच ताणा, नाहीतर मोटर तापते.