कारकून पैसे मागतो, म्हणजे न्यायाधीशही विकले गेले का?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आहे. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा त्यांचा दावा तालुका न्यायालयात चालू आहे. चुलतभाऊ जमीन परस्पर विकतील या भीतीने केलेला निशाणी ५ चा, म्हणजे निकालापर्यंत विक्री रोखण्यासाठीचा, मनाई अर्ज ३ आठवड्यांपूर्वी नामंजूर झाला. समोरच्या वकिलांना न्यायाधीशांच्या चेंबरमधून बाहेर पडताना त्यांनी पाहिलं. त्याआधी एका कारकुनाने ‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणत ५,००० रुपये घेतले आणि आता तो आणखी २०,००० मागतोय. ‘कोर्टच मॅनेज झालंय. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं टाकू का?’ असं त्या विचारतात.

ताई, ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. न्यायालयाचा अवमान आणि बदनामी, अशी दोन नवी प्रकरणं अंगावर येतील आणि ज्याने पैसे मागितले तो सावध होईल.

आधी मुदत सांभाळा. मनाई नाकारल्याच्या हुकमावर जिल्हा न्यायालयात अपील होतं, तेही ३० दिवसांत. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नकलेचा अर्ज आजच द्या, सोबत रोजनाम्याचीही नक्कल मागा. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, तारीख कोणी वाढवून घेतली, हे तिथे लिहिलेलं असतं. पुढे संशय मांडायची वेळ आली तर ऐकीव गोष्टींपेक्षा हा कागद कामाला येतो. आणखी एक गोष्ट बरेचदा राहून जाते. दावा चालू असताना झालेल्या विक्रीला लिस पेंडन्सची, म्हणजे घेणाऱ्यालाही दाव्याचा निकाल बांधील राहतो या नियमाची, अडकाठी असते. पण महाराष्ट्रात दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असेल तरच. ती लगेच नोंदवून घ्या.

आता कारकून. इथे तुमच्याकडे संशय नाही, थेट मागणी आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा किंवा त्यांच्या कार्यालयात जा. ते आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतात. संभाषण रेकॉर्ड होतं, मगच सापळा लागतो. नोटांना पावडर लावलेली असते. घेणाऱ्याची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. विभागाला आधी कळवून दिलेल्या पैशांबद्दल देणाऱ्यावर गुन्हा होत नाही.

दिलेल्या ५,००० रुपयांचं मात्र वेगळं आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो; नाइलाजाने दिली असेल तर ७ दिवसांत कळवावं लागतं. ती मुदत तुमच्या बाबतीत उलटून गेली आहे. म्हणून तक्रारीला जाण्याआधी फौजदारी काम पाहणाऱ्या वकिलाला भेटा, आणि ती रक्कम लपवू नका. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर येते आणि सगळी तक्रार खोटी वाटू लागते. कारकुनाचे कॉल रेकॉर्ड केले असतील तर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

राहिले न्यायाधीश. ‘साहेबांसाठी’ म्हणून गोळा होणाऱ्या पैशाचा साहेबांना पत्ताही नसतो, हे मी वकिलीत पाहिलं आहे. अर्ज नामंजूर होणं हा पुरावा नाही. वकील चेंबरमध्ये जाणं हाही नाही. तालुक्याच्या कोर्टात ते रोजचंच आहे. पण न्यायाधीशांवर बोट ठेवताच येत नाही, असंही समजू नका. साताऱ्यात डिसेंबर २०२४ मध्ये एका जिल्हा न्यायाधीशांवरच, मध्यस्थांसह, लाचेचा गुन्हा दाखल झाला. ठोस काही हाती असेल तर तक्रार प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलकडे करा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे खालच्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं आहे. तक्रारीला शपथपत्र आणि पडताळता येईल असा मजकूर जोडा, निनावी पत्राची दखल घेतली जात नाही. अशी प्रामाणिक तक्रार अवमान ठरत नाही, असं १९७१ च्या अवमान कायद्याचं कलम ६ सांगतं. तीच वाक्यं ग्रुपवर टाकली तर हे संरक्षण नाही.

दावा दुसऱ्या न्यायाधीशांकडे हवा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. तुमच्या जागी मी तो सध्या करणार नाही. आजच्या पुराव्यावर तो टिकणार नाही, आणि फेटाळला गेला तर त्याच न्यायाधीशांसमोर पुन्हा उभं राहावं लागेल. सापळा यशस्वी झाला आणि कारकुनाच्या संभाषणात तुमच्या दाव्याचा उल्लेख निघाला, तर त्या रेकॉर्डच्या आधारे हा अर्ज जरूर करा.