चॅपलमधला संत कोणत्या संघाचा?

चित्रं पाहायला पहिल्यांदाच फ्लॉरेन्सला निघालाय, म्हणून सांगतो. चॅपलमध्ये (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनाकक्षात) शिरल्यावर चित्रकाराच्या आधी संघ, म्हणजे ख्रिस्ती साधूंचा पंथ, ओळखा, म्हणजे भिंतीवरच्या संतांचे झगे पाहा. कमरेला गाठींचा दोर असेल तर फ्रान्सिस्कन. पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा म्हणजे डोमिनिकन.

फ्रान्सिस्कनांच्या सांता क्रोचे चर्चमधल्या बार्दी चॅपलमध्ये जोत्तोने संघाचे संस्थापक संत फ्रान्सिस यांचं चरित्र रंगवलंय. फ्रान्सिसच्या मृत्यूच्या दृश्यापाशी निवांत थांबा. शवाशेजारी गुडघे टेकून एक जण कुशीतली जखम हाताने तपासतोय. फ्रान्सिसच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटल्या, यावर शंका घेणारे तेव्हा होतेच. संघाने त्यांना भिंतीवरच उत्तर दिलं! खिडकीशेजारी क्लारा आणि तुलूझचा लुई आहेत, तेही याच परिवारातले. लुईला संतपद १३१७ मध्ये मिळालं. नव्या संताला संघाने किती तत्परतेने पुढे आणलं, ते इथे दिसतं.

मग सांता मारिया नोव्हेल्ला, डोमिनिकनांचं चर्च. तिथल्या स्पॅनिश चॅपलमध्ये आंद्रेआ दी बोनायुतोने रंगवलेले काळे-पांढरे कुत्रे लांडग्यांवर तुटून पडतात. लॅटिनमध्ये ‘दोमिनी कानेस’ म्हणजे प्रभूचे कुत्रे, संघाच्या नावावरचा श्लेष. समोरच्या भिंतीवर त्यांचा पंडित थॉमस अक्वायनस सिंहासनावर, पायाशी पाखंडी.

जाण्याआधी जुन्या गोव्यात डोळे तयार करा. सेंट फ्रान्सिस चर्चच्या लाकडी फलकांवर याच फ्रान्सिसचं चरित्र आहे, आणि जवळच बॉम जेझू चर्चमध्ये जेझुइट या आणखी एका संघाने आपला संत फ्रान्सिस झेवियर मांडलाय. दोन्ही एकाच दिवशी पाहा.