नायिकेची पोझ आधी कण्यातून तपासा

सुपरहिरो कॉमिक्समधली नायिका काढताना पोशाख नंतर, चूक बहुधा कण्यात असते. छाती आणि नितंब दोन्ही एकाच वेळी वाचकाकडे वळलेले दिसले की समजा, मणका मोडलाय. कमरेचे मणके फारसे वळतच नाहीत, पीळ मुख्यतः बरगड्यांच्या भागातून येतो. म्हणून आधी बरगड्यांचा आणि कटीचा असे दोन ठोकळे काढा, मधली रेघ दोन्हींवर ओढा, मग स्नायू.

दुसरी नेहमीची चूक कापडाची. घट्ट कापडही दोन स्तनांच्या मधे खोल शिरत नाही, ते एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर ताणलं जातं. दोन वेगळे गोळे काढले तर तो पोशाख नसून अंगाला फासलेला रंग होतो. मार्व्हल कॉमिक्सची वैमानिक नायिका कॅरल डॅन्व्हर्स (कॅप्टन मार्व्हल) घ्या: तिचा जुना काळा स्विमसूटसारखा वेश आणि 2012 मध्ये चित्रकार जेमी मॅकेल्वीने आखलेला अंगभर पोशाख शेजारी ठेवून पाहा. नव्यात ती खरंच वैमानिक वाटते.

शंका असेल तर तीच पोझ पुरुष नायकाला द्या. 2012 च्या ‘हॉकआय इनिशिएटिव्ह’ या ऑनलाइन उपक्रमात चित्रकारांनी मार्व्हलचा धनुर्धारी नायक हॉकआय नायिकांच्या पोझमध्ये काढून नेमकं हेच केलं. हसू आलं, तर पान पुन्हा काढा. (आणि लढताना उंच टाचा? तोल कुठे पडतो ते बघा.)