एसक्यूएल सर्व्हरवरून पोस्टग्रेसवर जातोय, पण तिथे पिव्होट (ओळींतला डेटा कॉलमांत मांडायची सोय) नाही. थांबावं का?

अजिबात थांबू नका. पिव्होट हा कीवर्ड आहे की नाही, यावरून कुणी डेटाबेस निवडत असेल तर त्याने मोठा रिपोर्ट कधी सांभाळलेला नाही.

आमचं ऑफिस महापे एमआयडीसीत. वाशी मार्केटमधल्या काही व्यापाऱ्यांचा आवक रिपोर्ट आम्ही काढतो: ओळीत गाळा, कॉलममध्ये महिना, आत हापूसच्या पेट्या. पोस्टग्रेसवर आलो तेव्हा मीटिंगमध्ये सिनिअरांनी सांगितलं, टेबलफंक एक्स्टेन्शन टाका, त्यातलं क्रॉसटॅब हे पिव्होटचं काम करणारं फंक्शन वापरा, विषय संपला. मी परोपरीने सांगत होतो की एकच क्वेरी दिली तर क्रॉसटॅब महिना बघतच नाही, येईल तो आकडा डावीकडून भरत सुटतो. ज्या गाळ्यावर जानेवारीत माल उतरलाच नाही, त्याच्या फेब्रुवारीच्या पेट्या जानेवारीखाली जाणार. एरर येत नाही आणि ओळीची बेरीजही जुळते, मग संशय कुणाला येणार? उत्तर मिळालं, "तुला केस-व्हेन लिहायची हौस आहे." (केस-व्हेन म्हणजे प्रत्येक महिन्याची अट हाताने लिहून कॉलम बनवणं.) पहिलाच रिपोर्ट गेला आणि एका व्यापाऱ्याचा फोन: "जानेवारीत माझा गाळा बंद होता, या पेट्या आल्या कुठून?" त्याच संध्याकाळी मी फिल्टरने त्या-त्या महिन्याच्या ओळी निवडून सम, म्हणजे बेरीज, करणारी क्वेरी लिहिली. आजही तीच चालू आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पिव्होट २००५ च्या आवृत्तीपासून आहे, पण एका वेळी एकच अ‍ॅग्रिगेट (बेरीज, सरासरी असं गणित) घेतो, आणि सोर्समध्ये बिल नंबरसारखा जादा कॉलम राहिला तर त्यावरही ग्रुपिंग करून ओळी फोडतो. ओरॅकलचा, ११जीपासूनचा, एकाहून जास्त अ‍ॅग्रिगेट घेतो. या दोघांत मला तोच सरस वाटतो. मायएसक्यूएलमध्ये पिव्होट नाहीच. तिथे ग्रुप-कॉन्कॅट या मजकूर जोडणाऱ्या फंक्शनने कॉलमांची यादी जुळवत असाल तर १०२४ बाइटची डिफॉल्ट मर्यादा आधी वाढवा, नाहीतर यादी मध्येच तुटते. केस-व्हेन मात्र चारही ठिकाणी चालतं आणि नव्या मुलालाही वाचता येतं. फिल्टर पोस्टग्रेसमध्ये ९.४ पासून आहे.

क्रॉसटॅब टाकाऊ नाही, हेही सांगतो. महिन्यांची यादी देणारी दुसरी क्वेरी दिली की आकडे जागेवर बसतात. त्या मीटिंगमध्ये मी हेच बोर्डावर मांडलं होतं. आणि महिने आधी माहीतच नसतील तर डकडीबी या डेटाबेसचा पिव्होट कॉलम स्वतः शोधतो.

तुमच्याकडेही कुणी एका क्वेरीच्या क्रॉसटॅबचा हट्ट धरला, तर टेस्ट डेटातल्या एका गाळ्याचा पहिला महिना रिकामा ठेवा आणि रिपोर्ट सगळ्यांसमोर चालवा.