पाणी काचेसारखं, मग नदीला वास काहून?

प्रश्न : आमच्या घरामागे नाल्याच्या कडेला छोटा एसटीपी (सांडपाणी साफ करणारा प्लांट) आहे. त्याच्या पाइपातून पडणारं पाणी एकदम क्लिअर दिसते. पण तिथून दोन-अडीचशे पावलं पुढे नागपूरच्या नागनदीवर पांढरा फेस, अन् सकाळी सडक्या अंड्यासारखा वास. प्लांट खरंच चालतो का नुसता दाखवायला आहे? अन् ते पाणी कुंड्यांना घातलं तर चालेल का? – नदीकाठची एक वाचक

उत्तर : ताई, प्लांट बहुतेक चालत असावा. मी स्वतः काही वर्षं अशाच एका छोट्या प्लांटच्या लॅबमध्ये होते म्हणून सांगते. तिथे सगळं काम जिवाणूंचं असते, आपण त्यांना फक्त हवा पुरवायची. ब्लोअर बंद पडला की काही तासांत ते गुदमरायला लागतात, आणि लाइट गेली न जनरेटरमध्ये डिझेल नसलं की मग झालंच, आमच्याकडे एका उन्हाळ्यात असं झालं तर टँक पूर्वपदावर यायला पंधरा दिवस लागले. रोज सकाळी एरिएशन टँकमधलं (जिथे जिवाणूंना हवा देतात तिथलं) एक लिटर पाणी मोजपात्रात घेऊन अर्धा तास हलवायचं नाही. चॉकलेटी गाळ खाली बसून वर स्वच्छ पाणी दिसलं आणि वास ओल्या मातीसारखा आला की बरं वाटायचं. गाळ कापसासारखा तरंगत राहिला की समजायचं, आज काहीतरी बिनसलंय.

आता तुमचा फेस. प्लांट नाल्यातलं जेवढं पाणी उचलतो तेवढंच साफ करतो न, बाजूने जे तसंच वाहून जाते त्याचं काय? साधा हिशोब करा: साफ केलेल्या पाण्याचा बीओडी (घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन संपवतात त्याचं माप, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) 10 समजा आणि कच्च्या सांडपाण्याचा 200, दोन्ही सारखंच मिसळलं तर 105 होतो. अंघोळीच्या नदीला 3 च्या आत पाहिजे. म्हणजे प्लांटवाल्यांनी कितीही घासलं तरी पुढच्या दोन गटारांनी सगळं पाण्यात. फेस बहुतेक साबण-डिटर्जंटचा, जिथे पाणी उंचावरून पडते तिथे जास्त दिसेल.

वास सकाळीच का? रात्रभर पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट खाते, म्हणून पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी. तळाच्या गाळात तर तो नसतोच, तिथले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो अंड्याचा वास. त्यात थंडीत हवा हलत नाही, वास तिथेच बसून राहतो.

आणि हो, क्लिअर म्हणजे शुद्ध नव्हे. अमोनिया दिसत नाही, कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, तर अजिबातच नाही. बीओडीचा रिपोर्टसुद्धा लगेच येत नाही, नमुना 27 अंशाला तीन दिवस ठेवावा लागतो, तोवर ते पाणी कुठल्या कुठे गेलेलं असते बाप्पा.

कुंड्यांना घाला, गुलाब-जास्वंदाला चालेल, फक्त हातात ग्लोव्हज घाला. पण सांबार (कोथिंबीर), पालक, टमाटर असलं काही लावलं असेल तर त्याला नको. हे काही वाया जाणारं पाणी नाही बरं का, भांडेवाडीच्या मोठ्या प्लांटचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते.

प्रश्न : मग आमच्या नळाला येतं ते पण हेच का?

उत्तर : नाही हो! नागपूरला पाणी पेंच आणि कन्हानमधून येते, आणि नागनदी कन्हानला मिळते ती पाणी उचलायच्या जागेच्या बरीच खाली. तिथून पुढे हे सगळं वैनगंगेत, गोसीखुर्दच्या धरणात जाते. तुमच्या नळाची काळजी करू नका, पण धरणाच्या काठावर कोणी नातेवाईक राहत असतील तर त्यांना एकदा विचारा, पाणी कसं दिसते म्हणून.