गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर

शेजाऱ्याकडे चावी देऊन "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करा" असं सांगून जाऊ नकोस. आठवडाभरात गेलेला चार्ज पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये भरून निघत नाही. फिरवायचीच तर चांगली अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवायला सांग.

बंद गाडीही बॅटरी पीत असते: अलार्म, घड्याळ, सेंट्रल लॉक. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात झोपते. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग पूर्वीचा जोर परत येत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे १० नंबरचा पाना. त्याने बॅटरीची केबल सोडव: आधी निगेटिव्ह काढ, लावताना तीच शेवटी. पॉझिटिव्हवर असताना माझा पाना एकदा बॉडीला टेकला होता. त्याच्या टोकाला पडलेला खड्डा अजून दिसतो. सुटी केबल सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळ, नाहीतर हळूच परत टेकते. आणि हो, यानंतर रिमोट चालत नाही. डिकी रिमोटनेच उघडत असेल तर सामान आधीच काढ.

पार्किंगमध्ये प्लग असेल तर मेंटेनर चार्जर लाव, तो आपोआप कमी-जास्त होतो. साधा चार्जर महिनाभर लावून ठेवलास तर पाणी आटवेल.

परत आल्यावर सेल मारण्याआधी मल्टिमीटर लाव. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४च्या खाली दिसली तर आधी चार्जिंग.