"ताई, रिव्हॉल्व्हरचं लायसन्स किती दिवसात मिळतं?"

नमस्कार मंडळी. पोरांच्या कॉम्पिटिशन लागल्या होत्या म्हणून मागच्या वेळी काही लिहिलं नाही, तर प्रश्नांचा नुसता ढीग साठलाय. नवीन लोकांसाठी ओळख एवढीच की मी ठाण्यात एका दहा मीटरच्या हॉलमध्ये एअर रायफल आणि एअर पिस्टल शिकवते, वीसेक वर्षं झाली. बंदूक म्हटलं की ओळखीतले सगळे माझ्याकडेच येतात, त्यामुळे लायसन्सच्या कागदांची पण सवय झालीये. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे जास्त विचारलं जातं ते घेते, आधी तुमचा प्रश्न आणि खाली माझं उत्तर.

मी कोपरखैरण्याला राहतो, ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. दोनदा धमकीचे फोन आले. रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढायचंय, किती दिवस लागतील? एक एजंट म्हणतो बाहेरच्या राज्यातून पंधरा दिवसांत काढून देतो.

आधी त्या एजंटचा नंबर ब्लॉक करा. खरंच सांगते. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात अशीच लाखो लायसन्स वाटली गेली आणि मग सीबीआय मागे लागली. तुम्ही कोपरखैरण्याला राहता, तुमचा अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तांकडेच जाणार. ठाणे शहरवाल्यांचा ठाणे आयुक्तांकडे, आणि मुरबाड-शहापूर वगैरे ग्रामीण भाग असेल तर कलेक्टरकडे.

आता धमकीचं. फोन आला तेव्हा पोलिसांत गेला होतात का? नव्वद टक्के लोक नाही म्हणतात, आणि मग अर्जात लिहितात "जिवाला धोका आहे". साहेब विचारणारच ना, की धोका होता तर तक्रार कुठेय? तेव्हा आधी एनसी (अदखलपात्र तक्रार) नाहीतर एफआयआर, कॉल रेकॉर्ड, धंद्याचे कागद, आयटी रिटर्न हे सगळं जमवा आणि मगच ऑनलाइन फॉर्म ए-१ भरा. सोबत मेडिकल लागतं, हत्यार सुरक्षित हाताळायचं ट्रेनिंग सर्टिफिकेट लागतं, घरी ते कुठे आणि कसं ठेवणार हे पण सांगावं लागतं. मग लोकल पोलीस स्टेशनचा रिपोर्ट, मग वरच्या साहेबांसमोर मुलाखत. दिवस विचारू नका, महिने धरून चाला.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या भागात कुणालाच माहीत नसते. वन्यजीव कायद्याचं कलम ३४ म्हणतं की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर आधी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती हवी, आणि हेच कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. आता नकाशा काढून बघा, एका बाजूला बोरिवलीचं नॅशनल पार्क येऊरपर्यंत आलंय, खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, खाली पनवेलकडे कर्नाळा. ठाण्यातला आणि नवी मुंबईतला कितीतरी भाग त्या दहा किलोमीटरमध्ये येतो! फ्लेमिंगोमुळे माझ्या रिव्हॉल्व्हरची फाइल अडेल का असं एकाने मला हसत विचारलं होतं. हसू नका म्हटलं, कायद्यात लिहिलंय तसं.

मिळालं लायसन्स तर ते पाच वर्षांचं असतं (२०१९ च्या आधी तीन होतं), एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. ९ एमएमचं पिस्तूल विसरा, ते प्रोहिबिटेड बोअर (नळीचं बंदी घातलेलं माप) आहे, सर्वसामान्य माणसाला .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. कानपूरच्या सरकारी फॅक्टरीचं निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून आलं तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास होतं, बॅगेत लपवून ठेवायला सोपं, अर्धा किलो वजन. त्यावेळी माझ्या तीन मैत्रिणींनी फोन केले होते, घेतलं एकीनेही नाही.

आणि घेतल्यावर काय? निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करायची नोटीस येऊ शकते. ड्रायव्हरच्या हातात द्यायचं नाही, मेहुण्याला दाखवायला पण नाही, तो गुन्हा आहे. कुणाच्या हळदीला हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत जेल नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला विचाराल तर तुम्हाला सध्या रिव्हॉल्व्हरपेक्षा गोडाऊनला कॅमेरे आणि एक लेखी तक्रार यांची जास्त गरज आहे. पण धंदा तुमचा, धोका तुमचा, तुम्हीच ठरवा.

मुलगी अकरा वर्षांची आहे, आम्ही वाशीला राहतो. पॅरिस ऑलिम्पिक बघितल्यापासून शूटिंगचा हट्ट धरलाय. लायसन्स लागतं का? खर्च किती? आणि खरं सांगा, सेफ आहे का?

हा प्रश्न आला की माझा दिवस चांगला जातो.

लायसन्स लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल ४.५ एमएमचा छर्रा मारते आणि तिची ताकद सात-आठ जूल असते, कायद्यात वीस जूलपर्यंत आणि .१७७ बोअरपर्यंत (म्हणजे तेच ४.५ एमएम) एअरगनला परवाना लागत नाही. सेफ्टीचं म्हणाल तर इतक्या वर्षांत माझ्या हॉलमध्ये सगळ्यात मोठी दुखापत म्हणजे एका पोराच्या पायावर हवेचा सिलेंडर पडला. प्रत्येक रायफलच्या नळीतून एक नारिंगी दोरी आरपार घातलेली असते, दोन्ही टोकांना लोंबणारी, म्हणजे लांबूनच कळतं की आत छर्रा नाही. ती दोरी काढायची ती फक्त फायरिंग पॉइंटवर उभं राहून, कमांड मिळाल्यावर. माझ्याकडे नवीन मूल आलं की पहिला आठवडा फक्त दोरी घालणं-काढणं आणि नळी कायम टार्गेटकडे ठेवणं. पोरं कंटाळतात, आईबाप तर त्याहून जास्त कंटाळतात. ज्यांना ते जमत नाही ते आपोआप गळतात आणि बरंच आहे ते. दुसरा नियम, छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे प्रॅक्टिस झाली की साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. यावर मी ओरडते, बाकी कशावर फार ओरडत नाही.

आता खेळ कसा असतो ते सांगते. दहा मीटरवर टार्गेट, त्याच्या मध्यात दहा नंबरचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मुलीच्या कंपासमधली ०.५ ची पेन्सिल असेल तर त्यातली शिशाची काडी उभी धरून टोकाकडे बघा, तेवढा! साठ शॉट, सव्वा तासात. श्वास अर्धा सोडून थांबवायचा, चाप हळूहळू दाबत न्यायचा, आणि बार कधी होतो ते स्वतःलाही कळू नये असा. हृदयाचा ठोका पडला तरी नेम हलतो, म्हणून मुली हातात रायफल धरून नुसत्या उभ्या राहतात वीस-वीस मिनिटं, एकही छर्रा न मारता. बघणाऱ्याला वाटतं काय चाललंय हे. आपल्याच सुमा शिरूर यांनी २००४ च्या एशियन चॅम्पियनशिपला ४०० पैकी ४०० मारले होते (तेव्हा बायकांना चाळीसच शॉट असायचे), म्हणजे चाळीसच्या चाळीस शॉट त्या काडीच्या टोकावर. पनवेलला त्यांचा लक्ष्य क्लब आहे, वाशीहून हार्बर लाइनने सरळ जाता येतं, जाऊन बघून या एकदा.

खर्चाचं मात्र तोंड गोड करून सांगणार नाही. सुरुवातीला क्लबची रायफल, क्लबचं जॅकेट, तुम्ही फक्त फी आणि छर्रे. पण दीड-दोन वर्षांनी मूल चांगलं निघालं की स्वतःची इम्पोर्टेड रायफल दोन-अडीच लाखांपासून पुढे, वर मापाचं जॅकेट-पँट, बूट. अकरा वर्षांच्या मुलीला तर लगेच काही घेऊच नका, मुली या वयात भराभर वाढतात आणि जॅकेट वाया जातं. पुढचा रस्ता जिल्हा, मग राज्य, मग मावळंकर स्पर्धा, मग नॅशनल. तुम्ही ज्याला टीव्हीवर बघितलंत तो स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत टीसी होता. १ ऑगस्ट २०२४ ला ब्राँझ मिळालं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. म्हणजे घाई करू नका.

घोडबंदर रोडला राहतो, एअरगन घेतलीये, लायसन्स लागत नाही असं दुकानदार म्हणाला. रविवारी येऊरला बाटल्या फोडायला नेली तर चालेल ना? आणि बाल्कनीत कबुतरं फार येतात...

नाही आणि नाही.

दुकानदार खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. परवाना लागत नाही म्हणजे कुठेही चालवता येते असं नसतं. येऊर नॅशनल पार्कात येतं, तिथे लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणंच गुन्हा आहे, आणि वन्यजीव कायद्यात हत्यार म्हणजे जनावर मारता येईल असं काहीही, जाळं आणि फासा पण, तुमची एअरगन तर नक्कीच. बाटली फोडायला आलो होतो हे वनखात्याला सांगून बघा. कबुतरांसाठी जाळी लावा, हजार-दोन हजारात होते. तुमचा छर्रा समोरच्या टॉवरच्या खिडकीत गेला तर प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा राहिला बाजूला, माणसाच्या जिवाला धोका केल्याचा गुन्हा लागेल. आणि बोअर परत तपासा, .२२ ची असेल तर परवाना लागतोच.

मुरबाडजवळ आमच्या गावच्या घरात आजोबांची बारा बोअर आहे. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ म्हणतो गप्प बसा, पडून राहू दे माळ्यावर.

भावाला हे वाचायला द्या. लायसन्स आजोबांच्या नावावर होतं, ते गेले तेव्हाच तुमच्या घरात ती बंदूक ठेवायचा हक्क संपला. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे उगाच वेळ न लावता पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायची असते. दोन वर्षं झाली हा उशीरच आहे, पण स्वतःहून गेलात तर बोलता येतं, कुणी चुगली केल्यावर पोलीस दारात आले तर नाही. मृत्यूचा दाखला, लायसन्सचं जुनं बुक, आणि एक साधा अर्ज घेऊन आधी गावच्या पोलीस स्टेशनला रिकाम्या हाताने जा आणि बंदूक कशी आणायची ते विचारा. गाडीच्या डिकीत टाकून परस्पर ठाण्याला आणू नका! जमा केल्याची पावती घ्या. नंतर वारस म्हणून तुमच्यापैकी कुणाला स्वतःच्या नावावर लायसन्स काढायचं असेल तर शस्त्र नियमावलीच्या नियम २५ मध्ये सोय आहे, घरच्या बाकीच्यांची ना हरकत लागेल. रानडुकरं शेती खातात हे कारण गावाकडे खरंही असतं.

आणि हात लावू नका तिला. आमच्या मामाकडे शहापूरला अशीच दुनळी होती, माजघराच्या माळ्यावर, आजीच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलेली. साडी उलगडली तर तेलाचा आणि उंदराच्या लेंड्यांचा वास, दस्त्यावर बुरशी. मामा म्हणाला कधीची रिकामीच आहे, आमची पोरं धरून फोटो काढायची. मी खटका दाबून नळी उघडली तर उजव्या बाजूला काडतूस, पितळेचा बूड हिरवा पडलेला. मामी तिथेच खाली बसली. किती वर्षं ते तसं होतं कुणाला सांगता येईना.

आपल्याकडे अमेरिकेसारखा हत्याराचा हक्क का नाही? सामान्य माणसाकडे बंदूक असेल तर गुंड घाबरतील असं वाटत नाही का तुम्हाला? (ऐरोलीचा इंजिनीअर, वय २४)

अमेरिकेत तो हक्क १७९१ पासून घटनेत आहे, पण तो प्रत्येक माणसाचा वैयक्तिक हक्क आहे हे त्यांच्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं ते २००८ मध्ये, आणि घराबाहेर बाळगण्याचं २०२२ मध्ये. म्हणजे तिथेही भांडण चालूच आहे. आपल्याकडे लॉर्ड लिटनने १८७८ ला कायदा आणला, भारतीय माणसाला परवाना आणि गोऱ्याला सूट. त्याचा राग सगळ्यांनाच होता, गांधीजींनी १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याला इंग्रजांचं सगळ्यात काळं कृत्य म्हटलंय, जे आजकालचे बंदूकप्रेमी फार आवडीने सांगतात (पत्रक सैन्यात भरती व्हा सांगायला होतं हे मात्र सांगत नाहीत). मग १९५९ चा कायदा आला, तो सगळ्यांना सारखा. तेही पूर्ण सारखा नाही, कुर्गच्या कोडव लोकांना अजून परवान्यातून सूट आहे.

गुंड घाबरण्याचं म्हणशील तर फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरला गोळीबार कुठे झाला आठव. हिल लाइन पोलीस स्टेशनमध्ये, सीनियर इन्स्पेक्टरच्या केबिनमध्ये, आणि त्यात एका आमदाराला अटक झाली. याहून जास्त हत्यारबंद माणसं आजूबाजूला कुठे असणार? मला हक्क वगैरे नकोय, पण साहेबाची मर्जी पण नकोय. परवाना नाही म्हणायचं तर शस्त्र कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कारण लेखी लिहावं लागतं, ते मागा, आणि कलम १८ खाली अपील करा. लोक हे न करता आमदाराची चिठ्ठी आणतात.

यालाच जोडून नौपाड्याच्या एका काकूंचा प्रश्न होता, मुलगा टेक्सासला एच-वन-बीवर आहे आणि शूटिंग रेंजवरचे फोटो टाकतो. काकू, त्याला सांगा की त्या व्हिसावर तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायलाच बंदी आहे, भाड्याने रेंजवर घेतलेली पण त्यात येते. शिकारीचं लायसन्स वगैरे काही अपवाद आहेत, ते त्याच्याकडे आहे का विचारा. नसेल तर फोटो काढून टाक म्हणावं आणि वकिलाला भेट म्हणावं. ग्रीन कार्ड झालं की गोष्ट वेगळी.

वाढदिवसाला तलवारीने केक कापला तर खरंच गुन्हा होतो?

होतो. व्हिडिओ तुम्ही स्वतःच टाकता, पोलिसांना शोधावं पण लागत नाही.

बुलेटचं कीचेन घेऊन विमानात जाता येतं का?

नका जाऊ. रिकामं काडतूस असलं तरी स्कॅनरमध्ये ते गोळीसारखंच दिसतं आणि पुढचे दोन तास तुमचे गेले. जिवंत गोळी असेल तर थेट आर्म्स ॲक्ट. बॅगेत आहे हे माहीतच नव्हतं असं असेल तर कोर्टात सुटका होऊ शकते, १९७२ च्या गुणवंतलाल केसपासून सुप्रीम कोर्ट म्हणत आलंय की ताबा जाणीवपूर्वक हवा. पण ते कोर्टात, चेक-इन काउंटरवर नाही. आमच्याकडचा एक मुलगा .२२ ची गोळीवाली रायफल पण खेळायचा, त्याच्या किट बॅगच्या साइडच्या खिशात एक गोळी राहिली, शिवणीत अडकलेली, शेंगदाण्याएवढी. तीच बॅग घेऊन मित्रांबरोबर गोव्याला निघाला. रात्रभर पोलीस स्टेशनला बसला, त्याचे बाबा डोंबिवलीहून रेंजचं पत्र घेऊन धावले, शेवटी वर्षभराने केस रद्द झाली. तेव्हापासून माझ्याकडची पोरं हॉलमधून निघताना बॅग उलटी करून झटकतात, सगळ्यांसमोर.